रोलर हलला का?

“ही साखळी आहे की पैंजण?” सासऱ्यांनी विचारलं.

सून ट्रकवर चढून रोलरच्या चौथ्या कोपऱ्याला साखळी आवळायचा बाइंडर अडकवत होती. रस्ते दाबायचा तो रोलर, जेवल्याशिवाय न हलणाऱ्या पाहुण्यासारखा ट्रकच्या मागच्या फळीवर ठाण मांडून बसला होता. साखळी नवी होती. सासऱ्यांच्या जुन्या साखळीपेक्षा बारीक, पण ताकदीला दुप्पट. तशी खूण तिच्या कड्यांवर ठोकलेली होती. सासरे खुणा वाचत नसत. ते साखळी उचलून बघत. कंबरेत कळ आली तर साखळी चांगली.

बाइंडरबद्दलही त्यांचं असंच. त्यांचा जुना बाइंडर लांब दांडीचा होता. दांडी दाबली की साखळी आवळली जाई, आणि हात सटकला की दांडी उलटून थेट तोंडावर येई. सासऱ्यांचे पुढचे दोन दात तिनेच नेले होते. तरी त्यांची निष्ठा ढळली नव्हती. सुनेने आणलेला बाइंडर रॅचेटचा होता. मूठ मागेपुढे करायची, साखळी थोडीथोडी ताणली जाते आणि ताणलेली तशीच राहते.

“यात मर्दुमकी ती काय?” सासरे म्हणाले.

“दात राहतात, बाबा.”

सासऱ्यांची तर्जनी वर गेली आणि हवेत गोल फिरू लागली. मत मांडताना ती नेहमीच फिरायची. मत जितकं ठाम, तितकी जोरात. “माल माझ्या नजरेने बांधला जातो, सूनबाई. साखळी नुसती सोबतीला असते.”

ट्रक त्यांचा होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चालवायची ती. त्यांच्या मुलाला ट्रकमध्ये बसलं की ओकारी यायची, म्हणून तो शिंपी झाला होता. पण चावी सासऱ्यांच्या गळ्यात, दोऱ्यात. सकाळी ते ती मोजून-मापून हातावर ठेवत आणि इंजिन बंद झालं की परत घेत. आंघोळीलाही ती त्यांच्याबरोबर जाई. कुठला माल घ्यायचा, कसा बांधायचा, कुठे चहाला थांबायचं, सगळं त्या चावीच्या हातात. सुनेला चहा नको होता. तिला चावी हवी होती.

“असं करू,” ती म्हणाली. “रोलर तसूभर जरी सरकला, तरी मी जन्मभर तुमच्या साखळीने बांधीन. नाही सरकला, तर चावी माझी.”

सासऱ्यांनी खिशातून खडू काढला. रोलरच्या चाकाभोवती फळीवर रेघ मारली, तिच्यावर फुंकर घातली, आणि म्हणाले, “चल. बघतोच.”

वाटेत त्यांनी प्रत्येक खड्ड्याचा त्याच्या खानदानासकट उद्धार केला. प्रत्येक उतारावर गाडी थांबवायला लावली आणि मागे जाऊन रेघेसमोर उभे राहिले, तापलेल्या पोराच्या उशाशी उभं राहावं तसे. रेघ बरी होती. तिला काहीही झालेलं नव्हतं.

कामाच्या जागी एक अवाढव्य क्रेन उभी होती. तिला रोलर काय आणि चमचा काय. क्रेनवाल्याने स्वतः येऊन रोलरच्या कानांत, म्हणजे उचलायच्या कड्यांत, क्रेनचे पट्टे अडकवले आणि परत जाऊन आपल्या काचेच्या खोपटात बसला. तिथे इंजिनाशिवाय काही ऐकू येत नसे. त्याला फक्त हाताच्या खुणा कळत. कुणाच्याही.

सुनेने इंजिन बंद केलं. चावी सासऱ्यांनी लगेच गळ्यात घातली. मग ती मागे गेली. रोलर रेघेच्या आतच होता. तिने पहिल्या बाइंडरच्या मुठीला हात घातला.

“हात लावू नकोस!” सासरे केबिनच्या खिडकीतून ओरडले. “आधी माझं ऐकून घे!”

सून फळीवरून उतरली आणि त्यांच्या खिडकीसमोर, हातभर नव्हे चांगली लांब, उभी राहिली. सासऱ्यांची मतं जवळून ऐकायची नसतात.

“रोलर हलला नाही, मान्य. पण रस्ता कसा होता? लोण्यासारखा! अशा रस्त्यावर रोलर पैंजणाने काय, सुतळीने बांधला असता तरी पोचला असता! साखळीची परीक्षा झालीच नाही!”

मत फार ठाम होतं. हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर आला. तर्जनी आभाळाकडे गेली आणि गरागरा फिरू लागली.

काचेच्या खोपटातल्या क्रेनवाल्याने ती पाहिली. त्याच्या धंद्यात या खुणेचा एकच अर्थ होता. उचल. आणि एवढ्या घाईची खूण त्याला आजवर कुणी केली नव्हती.

पट्टे ताणले गेले. रोलर वर निघाला. साखळीने त्याला सोडलं नाही, आणि फळीने साखळीला. आधी ट्रकची मागची चाकं जमिनीवरून सुटली. मग पुढची. मग सासरे.

सुनेने तळहात पुढे केला. थांब. क्रेन थांबली. ट्रक पुरुषभर उंचीवर नाक जरा खाली करून लटकत राहिला. साखळी करकरलीसुद्धा नाही.

सासऱ्यांनी खाली पाहिलं. मागे वळून रोलर पाहिला. मग फिरत असलेलं स्वतःचं बोट पाहिलं आणि दुसऱ्या हाताने ते घट्ट धरलं.

“उतरव, पोरी!”

“उतरवते, बाबा. रोलर हलला का?”

सासऱ्यांनी बोट आणखी घट्ट धरलं.

“नाही.”

“साखळी कशी आहे?”

“बरी आहे.”

“बरी?”

“उत्तम आहे! खानदानी आहे! उतरव!”

सून हलली नाही. तळहात तसाच पुढे होता. क्रेनवाला तिच्याकडे बघत होता, आणि तिच्याशिवाय कुणाकडेच बघत नव्हता.

खिडकीतून दोऱ्यासकट चावी तिच्या पायाशी येऊन पडली.

तिने ती उचलली, धूळ झटकली, गळ्यात घातली, दोरा सारखा केला. आणि मग बोट जमिनीकडे करून सावकाश, अगदी सावकाश, फिरवलं.