तिसरा ठोका

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. गिटार शिकवणाऱ्या मास्तरांकडे त्यांचा जुना विद्यार्थी आला, तो छातीशी एक चौकोनी पाकीट धरून. आता तो छापखाना चालवत होता, केसही विरळ झाले होते, पण या घरात शिरताना अजून चपला सरळ लावून ठेवायचा.

"काकू, चहा नंतर," तो मास्तरांच्या पत्नीला म्हणाला. "आधी हे बघा. भंगारवाल्याकडे सापडलं, शिलाई मशीनच्या खोक्यात. म्हणे, भिंतीवर लावायला छान आहे!"

पाकिटात तबकडी होती. इटलीतल्या जिप्सी गिटारवाल्यांचं जुनं जॅझ. मास्तरांनी नाव वाचलं आणि खाली बसले. हीच ती. बावीस वर्षांपूर्वी एका खलाशाकडून दुपारपुरती मागून आणलेली, ग्रामोफोनसमोर माइक धरून टेप केलेली. तबकडी खलाशाबरोबर गेली, उरली खरखरणारी टेप. तिच्यावरून मास्तरांनी एकेक सूर गिटारवर शोधला, काकूंनी तो कागदावर उतरवला. त्या कागदांचं आता याच विद्यार्थ्याच्या छापखान्यातून पुस्तक निघायचं होतं.

टेपवरच्या एका धुनेत तीन ठोके होते. दोन लागोपाठ, तिसरा उशिरा, दबकत. या संगीतात ड्रम नसतो. तेव्हा वाजवणारा गिटारच्या लाकडावरच ठोकतोय, असं मास्तरांनी धरलं होतं. शिकवताना ती जागा आली की त्यांचा चेहरा उजळे. "दोन सगळेच मारतात रे. तिसरा ऐक. केवढी वाट बघून मारलाय!" तो तिसरा कुणालाच जमला नाही. छापखानेवाल्याने त्यापायी टपल्या खाल्ल्या होत्या. आणि धून तिथवर आली की काकूंना नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी आठवे.

आज त्या उठल्या नाहीत. छापखानेवाल्याने सुई टेकवली. गिटार निघाली, स्वच्छ, शेजारच्या खोलीत कुणी वाजवावी तशी. जागा आली. मास्तरांनी सवयीने खुर्चीच्या हातावर ठोकलं, टक-टक, आणि तिसऱ्यासाठी उचललेलं बोट तसंच राहिलं. तबकडीत काहीच नव्हतं.

"परत लाव."

परत लावली. गिटार तिथून सरळ पुढे निघून गेली.

"ठोके नाहीतच की, मास्तर! म्हणजे माझ्या टपल्या फुकट गेल्या." छापखानेवाला एकटाच हसला. मग त्याने पिशवीतून पुस्तकाचे कागद आणि पेन्सिल काढली. "खोडतो. बरं झालं, अजून छापलं नाही."

मास्तर काकूंकडे बघत होते. काकू कोरडी बशी पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"त्या दुपारी घरात आणखी कोण होतं गं?"

"घरात नव्हती ती. बाहेर होती. आवाज नको म्हणून तुम्हीच म्हणालात, कडी घाल."

छापखानेवाल्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो होता. मास्तरांची एकुलती एक. टेप केली त्याच वर्षी तापाने गेलेली.

"तुला कधी कळलं?"

"टेप पहिल्यांदा ऐकली तेव्हाच."

"आणि बोलली नाहीस."

"ती गेल्यापासून तुम्ही गिटारला हात लावला नव्हता. मग एक दिवस टेप लावलीत. म्हणालात, अगं ऐक, काय ठोकतोय लेकाचा! आणि हसलात." काकूंनी बशी खाली ठेवली. "काय बोलणार होते मी?"

तबकडी संपून नुसतीच फिरत होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"धून संपेपर्यंत उभीच होती?"

"उंबऱ्यावर बसली होती. दार उघडल्यावर म्हणाली, मी दार वाजवलं, बाबांचं बिघडलं का?"

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही रीळ गुंडाळत होतात. तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

छापखानेवाल्याची पेन्सिल ठोक्यांच्या खुणेवर टेकली होती. मास्तरांनी ती त्याच्या बोटांतून हळूच काढून घेतली.

"काही बिघडलं नाही म्हणावं," ते म्हणाले.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं, तिन्ही ठोक्यांसकट. छापखानेवाला म्हातारपणी स्वतः शिकवण्या घेऊ लागला. तिसऱ्या ठोक्यासाठी त्याने कुणाला टपली मारली नाही. तबकडी परत पाकिटात गेली, ती तशीच राहिली. काकू टेप मात्र ऐकत, मास्तर गेल्यावरही, जवळ बसून, आवाज बारीक ठेवून.

मास्तर शेवटपर्यंत ती धून वाजवायचे. त्या जागी आले की ठोकायचे नाहीत. हात तारांवरून उचलून दाराकडे बघत थांबायचे. दाराची कडी काढलेली असायची.