खिशातला पट्टा

महमूदभाईंच्या पनवेलच्या घरी रविवारी दुपारी दोन रेकॉर्ड प्लेअर शेजारी मांडले होते. त्यांचा कुवेतहून आणलेला, थेट मोटरवर फिरणारा. माझा जुना, रबरी पट्ट्याने फिरणारा. पलीकडे पलंगावर त्यांच्या पत्नी हव्वाबी. लकव्याने उजवं अंग जाऊन दोन वर्षं झालेली.

"भरत, पट्ट्याचा भरवसा नाही. वेग ढळतोच."

"आधी ऐका तरी," म्हणत मी माझ्या प्लेअरची सुई टेकवली. तबकडी फिरली. वेग तसूभरही ढळला नाही.

ऐटीत रुमाल काढायला गेलो, तर हाताला पट्टा लागला. सैल पडू नये म्हणून घरून निघताना काढून खिशात ठेवलेला. लावायचाच राहिला होता.

मी तो महमूदभाईंपुढे धरला. त्यांची नजर पलंगावर होती. हव्वाबींचा उजवा हात चादरीवर ठेका धरत होता.

"खिशातच राहू दे," ते कुजबुजले.