कौलाचं पाणी

सूर्य देवळाच्या आढ्यावर आला, तरी कौलाचं पाणी आलं नव्हतं.

पळसाच्या पानावर जास्वंदीच्या दोन पाकळ्या ठेवून ज्ञानू गुरव काळकाईपुढं बसला होता. पाकळ्यांच्या कडा वळायला लागल्या होत्या. ओट्यावर पाटील आनंदराव, म्हातारा कोंडिबा आणि कोळशाच्या ठेकेदाराचा मुकादम सावळाराम. तो उत्रोलीहून पहाटेच निघून आला होता. देवळामागची राई तोडायची की नाही, ते आज देवी सांगणार होती.

ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, पुण्याच्या मोटारी कोळशावर धावत होत्या. राईतले हिरडे, ऐन, जांभळी भट्टीत गेल्या की तो देवळाला पत्र्याचं छप्पर घालून देणार होता. राईच्या वरचं मालकीचं रान त्यानं तीन वर्षांत असंच संपवलं होतं. आनंदरावांना छप्पर हवं होतं. गवताचं शाकार गळतं आणि दर पावसाळ्यात देवी भिजते, हे त्यांना बघवत नसे.

कौलाची रीत जुनी. राईतल्या झऱ्याचं पाणी लावून देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जिला पाणी कमी लावलं जातं ती आधी सुटते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कुणी बोलत नसे. "उजवीला जरा बेतानं लाव," असं आनंदराव सकाळी ज्ञानूला म्हणाले होते, तेही दुसरीकडं बघत.

झऱ्यावर जायचा मान एकट्या सगुणाबाईंचा. त्या आनंदरावांच्या थोरल्या भावजय. एकोणीस वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून त्यांनी नेम धरला होता. रोज उपाशीपोटी, अनवाणी, ओलेत्यानं राईत जायचं. कळशी झऱ्याखाली लावून काळकाईच्या नावानं माळ ओढायची. भरली कळशी आणून देवीला घालायची. तोवर बोलायचं नाही, खायचं नाही. एरवी कुणी राईत पाऊल टाकत नसे. गाव खालच्या विहिरीचं पाणी पीत होतं. औंदा तिचा तळ दिसत होता. पाऊस कमी झाला, असं सगळे म्हणत.

"देवीसाटनं पानी आनत्यात का झऱ्यालाच न्हाऊ घालत्यात?" सावळाराम म्हणाला. "फडक्यातली भाकर वाळून गेली माजी."

"गप ऱ्हावा, मुकादम. जप हाय त्यो," कोंडिबा म्हणाला. "पैलं गुरं सुटायच्या आत माघारी यायच्या. तीन सालांपास्नं जप लई वाढलाय. मागल्या साली न्याहारी टळायची, आन् औंदा बगा, दुपार."

"म्हंजी पुढल्या साली मुक्कामालाच."

कोंडिबाला हसू आलं. मग त्यानं चटकन कानाला हात लावला.

जप वाढल्यापासून सगुणाबाईंचा मान वाढला होता. बायका वाटेत अडवून त्यांच्या पायांवर डोकं ठेवत. आमच्या आत्याबाईंना दुपारपर्यंत भुकेचं भान नसतं, असं त्यांची सून ठकुबाई शेजारपाजारी सांगत असे. कुणी असं बोललं की सगुणाबाई खाली बघत आणि पदर सारखा करत.

त्या आल्या तेव्हा सावल्या पायाखाली होत्या. ओलं लुगडं अंगावरच वाळलं होतं. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर काठोकाठ कळशी. त्यांनी ज्ञानूच्या वाटीत थोडं पाणी ओतलं आणि उरलेलं देवीला घातलं. ज्ञानूनं पाकळ्या भिजवल्या. डावीला भरपूर पाणी लावलं, उजवीवरून नुसतं बोट फिरवलं. दोन्ही पाकळ्या खांद्यांवर बसल्या. आता वाट बघायची.

"घोर सोडा, मुकादम," आनंदराव म्हणाले. "वैनींचा जप दरसाल वाढतोय. त्यांच्या हातच्या पान्याला देवी न्हाई म्हननार न्हाई."

सगुणाबाईंनी रिकामी कळशी खाली ठेवली. पाणी घालून झालं होतं. आता बोलायला हरकत नव्हती.

"जप वाढला न्हाई, भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माळ एकच. एकोनीस वरसं एकच."

"मंग दुपार कशानं व्हते?"

"कळशी भरंना. वरचं रान व्हतं तवा निम्मी माळ व्हायच्या आत भरून सांडायची. आता माळ संपती, आन् मी नुसती धारंकडं बघत बसती."

आनंदराव त्यांच्याकडं बघतच राहिले. "तीन वरसं बोलला न्हाईसा?"

"माज्याच सेवेत खोट आसंल, असं वाटलं." सगुणाबाईंनी पदर सारखा केला. "आन् तुमी समदी पाया पडाया लागला."

खाली विहिरीत पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं परत आला.

उजवी पाकळी एका कडेनं सुटून हलत होती. डावी घट्ट होती.

आनंदराव उठले. त्यांनी देवीला हात जोडले आणि डावी पाकळी आपल्या हातानं काढून घेतली.

"डावी पडली," ते म्हणाले.