पंखाखाली

खुराड्याच्या तळाची फळी उचलताच उंदरीण बाहेर झेपावली. फार लांब गेलीच नाही. आत्याच्या हातातलं फावडं तिच्या पाठीत बसलं.

"सापडली एकदाची," आत्या धापा टाकत म्हणाली. "माझी कोवळी पिल्लं पळवतेस काय."

फळीखाली चिंध्या, कोंबड्यांची पिसं आणि कुरतडलेलं प्लास्टिक यांचं घरटं होतं. त्यात उंदराची पिल्लं वळवळत होती. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी.

भिंगरी आजोबांच्या काखेखालून पुढे घुसली आणि गुडघ्यांवर बसली. "आजोबा, ही रडतायत."

"रडत नाहीत. आईला शोधतायत," आजोबा म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना वाटलं, गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं.

"मी बादली भरून आणते," आत्या म्हणाली.

"पोरीसमोर नको."

"मग काय दुपट्यात गुंडाळू? बाबा, हीच उद्या मोठी होऊन माझ्या कोंबड्यांवर उठतील."

"आधी ती मेलेली लांब पुरून ये. मग बघू."

"तुमच्या 'मग बघू'वरच पोसलेत या घरातले उंदीर." आत्याने उंदरीण फावड्यावर घेतली आणि ती कुंपणापलीकडे गेली.

भिंगरीने रंगाच्या डब्याचं एक झाकण शोधलं. चिंधी अंथरून एकेक पिल्लू त्यात ठेवलं. "आत्या यांना बुडवणार ना?"

आजोबांना मुलांशी खोटं बोलता येत नसे. "आईवाचून ती तशीही जगत नाहीत, बाळा. त्यांना दूध लागतं. ऊब लागते."

"आणि ऊब मिळाली तर?"

"तर थोडी तग धरतील."

मग ते घरट्यामागे दिसणाऱ्या उंदरांच्या बिळाकडे वळले. काचेचे तुकडे आत कोंबायचे आणि वरून सिमेंट थापायचं, म्हणजे पुन्हा कुणी त्या वाटेने येत नाही. त्यांनी बाही सारली आणि हात कोपरापर्यंत बिळात घातला.

"आजोबा, तांबड्या कोंबडीने गेल्या वर्षी बदकाची अंडी उबवली, ती तिची नव्हती ना?"

"नव्हती. आत्यानेच ठेवली होती तिच्याखाली."

"तिला कळलं नाही?"

प्रश्न विचारणारं मूल दिसलं की आजोबांचं काळीज सुपाएवढं व्हायचं. "अगं, तिला कुठलं कळतंय. पोटाखाली आलं ते आपलं. ती बदकं पाण्यात शिरली तेव्हा काठावर कशी थयथयाट करत होती, आठवतं? पण त्यांना सोडून गेली नाही."

"म्हणजे ती कुणाचीही आई होते."

"होते की," बिळात तोंड घालून आजोबा म्हणाले.

मागून पुढचा प्रश्न आला नाही. भिंगरी आणि इतकी गप्प? सिमेंटचा शेवटचा गोळा दाबून त्यांनी मागे वळून पाहिलं.

भिंतीच्या सावलीत तांबडी अंग फुलवून बसली होती. तिच्या पिसांतून तिच्या पिल्लांचे पाय तेवढे दिसत होते. भिंगरी तिच्यापुढे उकिडवी बसून झाकणातलं एकेक गुलाबी पिल्लू हळूच तिच्या पंखाखाली सरकवत होती. "जा," ती कुजबुजत होती. "घाबरू नको. ती चांगली आहे."

"भिंगरे, थांब."

पण त्यांना पटकन उठता येईना.

तांबडी जागच्या जागी चुळबुळली. उठून उभी राहिली. मान वाकडी करून एका डोळ्याने तिने खाली पाहिलं. मग एक गुलाबी पिल्लू चोचीत उचललं आणि जमिनीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पण ते गिळलं मात्र नाही. समोर टाकलं, आणि किडा सापडल्यावर काढते तो घाईचा, हलका आवाज काढला.

तिची पिल्लं धावत आली. दोघांनी दोन टोकं धरली आणि ओढाओढ सुरू झाली. तांबडीने दुसरं आपटलं. मग तिसरं. प्रत्येक वेळी तोच लाडिक आवाज.

आजोबा पोचले तेव्हा फार काही उरलं नव्हतं. त्यांनी भिंगरीच्या डोळ्यांवर हात धरला. तिने तो बाजूला केला. तिच्या कपाळावर ओलं सिमेंट लागलं, तेही तिने पुसलं नाही.

"ती त्यांना भरवतेय," भिंगरी म्हणाली.

"हो." आजोबांनी हात खाली घेतला.

आत्या रिकामं फावडं घेऊन परत आली आणि दारातच थबकली. मघाशी बादली भरायला निघालेली आत्या, तिने तोंड फिरवलं.

झाकणात एक पिल्लू उरलं होतं. चिंधीत तोंड खुपसून काहीतरी शोधत होतं.

आजोबांनी दोन्ही हात पुढे केले. "दे बाळा, हे माझ्याकडे दे. आपण त्याला कापसात ठेवू. ड्रॉपरने दूध पाजू. मी रात्रभर बसतो त्याच्यापाशी. आत्या काही करणार नाही."

"नाही करणार," आत्या पाठमोरीच म्हणाली.

भिंगरीने झाकणात पाहिलं. मग समोर पाहिलं. कोंबडीची बाकीची पिल्लं चोची पुसत होती. सगळ्यांत लहान एक त्यांच्यामागे इकडून तिकडे धावत होतं आणि नुसत्या मातीवर टोचा मारत होतं.

"पण आजोबा," ती म्हणाली, "या छोट्याला काहीच मिळालं नाही."

तिने झाकण जमिनीवर ठेवलं आणि हुबेहूब तांबडीसारखा आवाज काढून त्याला बोलावलं.