गोपाळदादाचा नवस

पेणचा गोपाळकृष्ण सात वर्षांपूर्वी घरच्या गणपतीसमोर, भर आरतीत नवस बोलला होता, "आमच्या अनसूयेचं लग्न ठरेपर्यंत मी डोक्यावर केस ठेवणार नाही!" तेव्हापासून त्याचं डोकं गुळगुळीत, आणि भाऊ असावा तर असा, म्हणून अर्ध्या पेणने त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

अनसूयेला आलेली स्थळं मात्र तोच एकेक करून मोडत होता. अठ्ठ्याण्णव साली रोह्याचा मुलगा तिला मनापासून आवडला, तर म्हणे, "चालतो फार भरभर. संसारात टिकायचा नाही."

शेवटी बाजारात शिवा न्हाव्यानेच तिला खरं काय ते सांगितलं. "ताई, दादा सात वर्षांत माझ्याकडं एकदा बी आला नाय. त्या डोक्याला वस्तरा लागतच नाय! उद्या तुमचं लगीन ठरलं, तर गाव विचारील ना, दादा, आता केस कवा वाढवतोस?"

म्हणजे अनसूया अडकली होती ती भावाच्या टकलात.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली: अमेरिकेत शास्त्रज्ञांना मूळ पेशी मिळाल्या, पुढेमागे त्यांतून टकलावर केससुद्धा उगवतील. अनसूया पेपर घेऊन धावतच आली. "दादा, वाच! उगवणार तुझे केस. आता तरी रोह्याला होकार कळव."

गोपाळकृष्णाने चष्मा लावून बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्याचे डोळे भरून आले.



"आजच कळवतो, अनू! यात दहा वर्षं लागतील म्हटलंय, तेवढं थांबा म्हणावं."