खिळ्यांचा पट्टा

नव्या नियमाची बातमी चावडीवर कळली, तशी गेनबानं चंद्रीच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा सोडला. बिबट्या मानच धरतो, म्हणून धनगराच्या कुत्र्याला असा पट्टा असतो. त्याखाली तिची कातडी पार सोलवटली होती.

"आता रात्रीसुद्धा बिबट्या मारायची परवानगी निघालीय. सरकारचे बंदूकवाले आलेत," तिचं मानगूट खाजवत तो म्हणाला. "तुला सुट्टी, म्हातारे. आता सरकार राखण करणार."

चंद्रीला सरकार ठाऊक नव्हतं. रात्री ती नेहमीसारखी मेंढरांभोवती फिरत राहिली.

सकाळी नेमबाज स्वतःच तिला दोन्ही हातांवर घेऊन पालाशी आला. उसाच्या कडेला टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले होते. तेवढंच दिसलं होतं.

"बाबा, तुमच्या कुत्र्यांना पट्टा असतो ना? खिळे चमकले असते, तर मी चाप ओढलाच नसता."

"कालच काढला," गेनबा म्हणाला. "तुम्ही आलात म्हणून."

नेमबाजानं तिला अलगद खाली ठेवलं. सोबतच्या साहेबांनी पंचनाम्यात 'बिबट्या नव्हे' असं लिहून घेतलं आणि बाकी सगळं नियमानुसार झाल्याची खात्री केली.

गेनबानं बाभळीखाली खड्डा खणला. चंद्रीला आत ठेवल्यावर तो पालातून पट्टा घेऊन आला. काल सुचलं नव्हतं, ते आज सुचलं. टोचू नये म्हणून पट्ट्याला आतून लोकर गुंडाळून त्यानं तो तिच्या गळ्यात बांधला.

तिकडं कुठला नियम चालतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.