मनात वाचा

"आजोबा, हे वाचनालय आहे. मनात वाचा, नाहीतर बाहेर बसा," खांबेटेबाईंनी दारातूनच बजावलं. स्पर्धापरीक्षेच्या मुलांची तक्रार होती आणि बाई नव्यानंच विश्वस्त झाल्या होत्या. मोठ्यानं पेपर वाचणारे गुरव खजील होऊन उठले आणि शेजारच्या मित्राचा हात धरून निघून गेले.

आठवडाभर दोघं फिरकले नाहीत. "बरं झालं, शांतता झाली," बाई म्हणाल्या, तेव्हा ग्रंथपाल चाचरत म्हणाली, "बाई, त्या मित्राला दिसत नाही. गुरवकाका त्यांच्यासाठी वाचायचे."

त्या दिवशी बाईंनी दुसऱ्या माणसाकडे धड पाहिलंही नव्हतं.

चौकशी करत त्या एसटी स्टँडवर पोचल्या. गाड्यांच्या घरघरीत गुरव घसा ताणून अग्रलेख वाचत होते आणि मित्र कानाशी हात धरून ऐकत होता. बाईंना बघताच गुरव गप्प झाले. बाई हात जोडून माफी मागणार, तोच मित्रानं घाबरून विचारलं, "का थांबलास? इथूनही उठवतायत का आपल्याला?"

गुरवांनी एकवार बाईंकडे पाहिलं.

"नाही रे. एक ताई आहेत. साताऱ्याची गाडी कधी लागेल, विचारतायत."

मित्राचा चेहरा निवळला. चाचपडत सरकून त्यानं बाकावर जागा केली. "मग बसा ना, ताई! अजून वेळ आहे गाडीला. हा फार छान वाचतो."

बाई बसल्या. आवाज ओळखला जाईल म्हणून त्यांनी साधं 'हो'सुद्धा म्हटलं नाही.